गाडी येईपर्यंत
(आरोग्यसेविकांच्या शिबिरातील भाषण)

ताईंनो, पाड्यावर गाडी पोचायला वेळ लागतो. दमा उठला की १०८ ला फोन लावा, पण नुसती वाट पाहू नका. रुग्णाला आडवं करू नका, बसतं ठेवा. साल्बुटामॉलचा पंप हलवून स्पेसरमधून ४ फवारे द्या, एकेक करून. प्रत्येक फवाऱ्याला ४ श्वास. गाडी आली नाही तर २० मिनिटांनी पुन्हा. स्पेसर नसेल तर अर्ध्या लिटरच्या स्वच्छ बाटलीच्या बुडाला पंपाच्या तोंडाएवढं भोक पाडा, काम भागतं.

मागच्या पावसाळ्यात एका पोराच्या छातीतली शिट्टी थांबली. घरच्यांना वाटलं, उतार पडला. गाडी नको म्हणाले. पोर सकाळ पाहू शकलं नाही. माणूस थकलेला, बोलवत नाही आणि छाती गप्प, म्हणजे हवा आत जातच नाही.

किती फवारे, किती वाजता दिले, ते चिठ्ठीवर लिहून सोबत द्या. दवाखान्यात डॉक्टर आधी तेच विचारतात.