विद्यार्थी-संघटना आणि राजकीय पक्ष

नागपूरहून रायपूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, भंडारा आणि साकोली यांच्या दरम्यान लाखनी हे गाव आहे. भोवताली धानाची शेते, गावात महाविद्यालय, आणि सकाळच्या एस. टी. गाड्यांतून आसपासच्या खेड्यांतील मुलेमुली तेथे शिकावयास येतात. राजकारण हा विषय या मुलांस केवळ पुस्तकातून शिकावा लागत नाही. धानाला बोनस जाहीर झाला काय, खरेदी केंद्रावर घातलेल्या मालाचे चुकारे केव्हा मिळावयाचे, ही चर्चा घरच्या ओसरीवरच चाललेली असते. जिल्ह्याचा राजकीय इतिहासही लहान नाही. १९५४ साली भंडाऱ्याच्या लोकसभा पोटनिवडणुकीत सर्वसाधारण जागेवर अशोक मेहता निवडून आले, आणि राखीव जागेवर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांसारख्या पुरुषास पराभव पत्करावा लागला. अशा मुलखात विद्यार्थ्यांनी एखाद्या पक्षाची शाखा काढली तर त्यात नवल नाही. पाहावयाचे ते एवढेच की, ती शाखा विद्यार्थ्यांची राहते, की केवळ पक्षाची होते?

हा प्रश्न जुनाच आहे. १९२० च्या डिसेंबरात नागपूरच्या काँग्रेस अधिवेशनाने असहकारितेचा ठराव कायम केला, तेव्हा सरकारी शाळा-महाविद्यालये सोडण्याचे आवाहन विद्यार्थ्यांस झाले. पुढे १९३६ साली लखनौस अखिल भारतीय विद्यार्थी संघटना स्थापन झाली. तिचे उद्‌घाटन जवाहरलाल नेहरूंनी केले व अध्यक्षस्थानी बॅरिस्टर जिना होते. विद्यार्थ्यांचे व्यासपीठ एकच होते, आणि त्यावर परस्परांशी न पटणारे पुढारी एकत्र बसू शकत होते! परंतु थोड्याच वर्षांत पक्षांच्या वाटा फुटल्या, आणि त्यांच्यामागोमाग विद्यार्थ्यांच्याही फुटल्या. आज पक्ष तितक्या विद्यार्थी-संघटना, असे म्हणावयास फारशी हरकत नाही.

या फाटाफुटीचे अनिष्ट परिणाम महाराष्ट्राने पाहिले आहेत. १९८९ साली मुंबईत महाविद्यालयीन निवडणुकीच्या वैरातून एका विद्यार्थी-नेत्याचा खून झाला. त्यानंतर १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने विद्यार्थ्यांचे थेट मतदान बंद केले, आणि वर्गात पहिला येणारा विद्यार्थी हाच वर्गाचा प्रतिनिधी ठरू लागला. हेतू शांततेचा होता व त्यात तथ्यही होते. तथापि गुणवत्ता आणि प्रतिनिधित्व या दोन भिन्न गोष्टी होत. गणितात पहिला आलेला मुलगा वसतिगृहाच्या पाण्याविषयी प्राचार्यांशी भांडेलच, असे नाही. आणि भांडला नाही तर त्यास पदावरून दूर करण्याचा मार्गही वर्गाच्या हाती उरला नाही.

योगायोग असा की, त्याच १९८९ साली देशातील मतदाराचे वय एकवीसवरून अठरावर आले. म्हणजे लाखनीचा तरुण आमदार निवडण्यास योग्य ठरला, परंतु वर्गप्रतिनिधी निवडण्यास अयोग्य! २००६ साली लिंगडोह समितीने मधला मार्ग सुचविला: निवडणुका व्हाव्यात, पण त्या पक्षांपासून अलिप्त असाव्यात, उमेदवाराचा खर्च पाच हजार रुपयांपलीकडे जाऊ नये, छापील फलक न लावता हाताने लिहिलेलेच लावावेत. महाराष्ट्राच्या २०१६ च्या कायद्याने थेट निवडणुकीस पुन्हा मान्यता दिली. २०१९ साली त्या घेण्याचे ठरले, पण त्या पुढे ढकलल्या गेल्या.

या साऱ्या काळात पक्ष मात्र महाविद्यालयाबाहेर गेले नाहीत. निवडणूक गेली, पण फाटकाबाहेरचा फलक, वाढदिवसाची मिरवणूक आणि सभेसाठी गाड्या भरून माणसे नेण्याचे काम ही राहिली. शाखेतील मुलास जयघोष करता येतो. परंतु सभेचे इतिवृत्त लिहिणे, वर्गणीचा हिशेब मांडणे, मतमोजणीत हरल्यावर प्रतिस्पर्ध्याचा हात हातात घेणे, हे शिकण्याची जागाच त्यास उरली नाही. लोकशाहीची खरी तालीम याच क्षुल्लक वाटणाऱ्या कामांत असते.

म्हणून विद्यार्थी-शाखेची परीक्षा एका साध्या कसोटीवर करता येईल. शिष्यवृत्ती रखडली, अथवा सायंकाळची एस. टी. बंद झाली, म्हणजे विरोधी पक्षाच्या सरकारविरुद्ध मोर्चा काढणे सोपे आहे. तेच गाऱ्हाणे आपल्याच पक्षाच्या मंत्र्यापुढे, तितक्याच स्पष्ट शब्दांत, ती शाखा मांडते काय? मांडत असेल तर पक्षाशी असलेले तिचे नाते विचाराचे आहे. सरकार बदलताच फलक गुंडाळून कपाटात जात असतील, तर ते नाते चाकरीचे आहे.

तरुणांनी पक्षात जाऊच नये, असा उपदेश घरोघरी केला जातो. तो प्रेमापोटी असला तरी अपुरा आहे. कारण घरातील वडीलधारे स्वतः पक्षाविषयी तावातावाने बोलत असतात, आणि मुले ते ऐकत असतात. त्यांस रोखण्यापेक्षा, सायंकाळी सभेहून परतलेल्या मुलास एवढेच विचारावे की, आज तुझ्या शाखेने कोणता ठराव केला, त्यावर मत कोणी घेतले, आणि विरोधात बोलू कोणास दिले? या प्रश्नांची उत्तरे त्यास देता आली, तर तो पक्षाच्या कामात असूनही शिकत आहे असे समजावे. न देता आली, तर तो पक्षाच्या सतरंज्या उचलत आहे, हे त्यास निदान घरी तरी कळेल.