अंतराळाचा उकिरडा होऊ नये!



२ एप्रिल २०२२ च्या रात्री चंद्रपूर जिल्ह्यातील लाडबोरी गावात आकाशातून धातूचे एक भलेमोठे कडे कोसळले. ते चिनी अग्निबाणाचा अवशेष असावे, असे तज्ज्ञांचे मत पडले. परंतु जे खाली पडले, ते तरी संपले. खरे संकट आहे ते वरच फिरत राहिलेल्या कचऱ्याचे.

पृथ्वीलगतच्या कक्षेतील वस्तू ताशी सुमारे २७ हजार किलोमीटर वेगाने धावतात. या वेगाने आलेला सुपारीएवढा तुकडाही उपग्रह निकामी करू शकतो. एक सेंटिमीटरहून मोठे असे १२ लाखांहून अधिक तुकडे अंतराळात असावेत, असा युरोपीय अवकाश संस्थेचा अंदाज आहे. त्यांतील बहुसंख्य तुकड्यांचा माग काढणेही शक्य नाही.

११ जानेवारी २००७ रोजी चीनने स्वतःचाच जुना हवामान-उपग्रह सुमारे ८६० किलोमीटर उंचीवर क्षेपणास्त्राने फोडला. माग काढता येतील असे तीन हजारांहून अधिक तुकडे त्यातून विखुरले. १० फेब्रुवारी २००९ रोजी सैबेरियावर अमेरिकेचा इरिडियम-३३ आणि रशियाचा निकामी कॉसमॉस-२२५१ एकमेकांवर आदळले. आणखी दोन हजारांवर तुकड्यांची भर पडली. टकरीतून तुकडे आणि तुकड्यांतून पुन्हा टकरी, ही रक्तबीजासारखी वाढ होईल, असा इशारा डोनाल्ड केसलर यांनी १९७८ मध्येच दिला होता.

येथे उंचीला फार महत्त्व आहे. तीनशे किलोमीटरवरील विरळ हवा कचऱ्याला लवकर खाली ओढते. आठशे किलोमीटरवर तो शतकानुशतके राहू शकतो. २७ मार्च २०१९ च्या ‘मिशन शक्ती’ चाचणीसाठी भारताने सुमारे तीनशे किलोमीटर उंची निवडली, ती याच विचाराने. तरीही काही तुकडे वर उसळले आणि शेवटचे तुकडे नष्ट होण्यास सुमारे तीन वर्षे लागली. संयमालाही मर्यादा असतात, हाच त्याचा बोध.

पिकांचा अंदाज, पुराची व्याप्ती, सीमेवरील टेहळणी यांसाठी भारताचे उपग्रह याच कक्षांमध्ये फिरतात. म्हणूनच ‘इस्रो’ने ७ मार्च २०२३ रोजी आयुष्य संपलेला मेघा-ट्रॉपिक्स उपग्रह उरलेल्या इंधनाच्या साह्याने प्रशांत महासागरावर आणून नष्ट केला. २०३० पर्यंत भारताच्या सर्व सरकारी व खासगी मोहिमा कचरामुक्त करण्याचा संकल्पही २०२४ मध्ये जाहीर झाला.

अंतराळाला कुंपण नाही. एका राष्ट्राचा निष्काळजीपणा साऱ्यांना भोवतो. आपले अंगण झाडून केर रस्त्यावर लोटणाऱ्याला सुसंस्कृत म्हणत नाहीत. राष्ट्रांनाही हाच न्याय लागू व्हावा. सामर्थ्य उपग्रह सोडण्यात आहेच. जबाबदारी मात्र तो वेळेवर उतरवण्यात आहे.