सातबारा नसलेल्यांचे काय?



सौरऊर्जा हवी की नको, हा वाद मला घालायचा नाही. ती हवीच. प्रश्न तिच्यासाठी लागणाऱ्या जमिनीचा आहे.

कर्नाटकातल्या तुमकुरु जिल्ह्यात पावगड हा दुष्काळी तालुका. तिथे पाच गावांच्या सुमारे १३ हजार एकरांवर २,०५० मेगावॉटचे सोलर पार्क उभे राहिले. जमीन विकत घेतली नाही, २८ वर्षांच्या भाडेकराराने घेतली. सुरुवातीचे भाडे एकरी वर्षाला २१ हजार रुपये. पन्नास एकरवाल्याचे साधले. दोन एकरवाल्याच्या हाती महिन्याला साडेतीन हजार. आणि जो त्याच रानात मजुरीला जायचा, शेळ्या चारायचा, त्याला भाडे नाही. करारात त्याचे नावच नव्हते.

आपल्याकडे मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० मध्ये भाडे एकरी ५० हजार आहे. शेतकऱ्याला दिवसा वीज मिळावी, हा हेतू चांगलाच. पण या योजनेत गायरानेही दिली जातात. गायरानावर जगणाऱ्याचा सातबारा कुठे असतो?

तुमच्या ग्रामसभेत हा विषय आला तर घरी बसू नका. ठराव मोठ्याने वाचायला सांगा. विचारा, या जागेवर आज कोण जगते? उद्या ते कुठे जाणार?

आपल्यातही बटईने कसणारे, शेळ्या पाळणारे पुष्कळ आहेत. पण केवळ आपल्या माणसांसाठी विचारू नका. शेजारच्या धनगरासाठी, पारध्यासाठीही विचारा. गायरान सगळ्यांचे आहे, मग आवाजही सगळ्यांचा हवा.