उलट्या हाताचा फटका : एका हातानें कीं दोन हातांनीं ?

उजव्या हातानें टेनिस खेळणाऱ्याच्या डाव्या अंगास चेंडू आला म्हणजे त्यास शरीर वळवून, हाताची पाठ पुढें करून जो फटका मारावा लागतो त्यास बॅकहँड म्हणतात. मराठींत त्यास उलट्या हाताचा फटका म्हणावयास हरकत नाहीं. डावखुऱ्याच्या बाबतींत हीच गोष्ट उजव्या अंगास घडते. हा फटका एका हातानें मारावा कीं दोन्ही हातांनीं रॅकेट धरून मारावा, हा प्रश्न वरवर पाहणाऱ्यास क्षुल्लक वाटेल. परंतु ज्या घरांतील आठ-नऊ वर्षांचें मूल रोज सायंकाळीं रॅकेट घेऊन कोर्टावर जातें, त्या घरांतील आईबापांस तो तसा वाटत नाहीं. कारण या वयांत हातास जें वळण लागतें तें पुढें अनेक वर्षें टिकतें, आणि मोडावयाचें झाल्यास त्याची किंमत द्यावी लागते. शिवाय सल्ला देणारे पुष्कळ असतात. क्लबांतील वडीलधारे गृहस्थ एका हाताच्या फटक्याचें सौंदर्य वाखाणतात. शिक्षक दोन हात सांगून मोकळा होतो. आणि मूल मात्र आदल्या रात्रीं पडद्यावर ज्यास जिंकतांना पाहिलें त्याची नक्कल करीत असतें.

सौंदर्याचा मुद्दा प्रथमच बाजूस काढलेला बरा. रॅकेट पुढें झेपावते, मोकळा हात मागें सुटतो आणि दोन्ही बाहू पंखांसारखे पसरतात, असा तो एका हाताचा फटका पाहणाऱ्याचें मन वेधून घेतो, यांत शंका नाहीं. पण जाळ्यापलीकडील प्रतिस्पर्धी त्या सौंदर्यास एकही गुण देत नाहीं. त्याचें लक्ष एवढ्याकडेच असतें कीं, समोरच्यास खांद्याच्या उंचीवरचा चेंडू परतवितां येतो कीं नाहीं. निवडीचा सारा प्रश्न बहुतेक या उंचीपाशीं येऊन थांबतो.

दोन हातांची पद्धति अगदीं अलीकडची आहे, ही समजूत बरोबर नाहीं. ऑस्ट्रेलियाचा व्हिव्हियन मॅकग्रा हा दोन हातांनीं बॅकहँड मारीत असे, आणि १९३७ सालीं तो आपल्या देशाचा विजेता झाला. त्याचाच देशबंधु जॉन ब्रॉमविच यानें तेंच अजिंक्यपद १९३९ व १९४६ सालीं मिळविलें. तथापि लोक त्यांच्याकडे अनुकरणीय आदर्श म्हणून न पाहतां एक नवल म्हणूनच पाहत. आदर्श होता तो अमेरिकेचा डॉन बज. एकाच वर्षांत चारही मोठ्या स्पर्धा जिंकण्याचा पराक्रम १९३८ सालीं प्रथम त्यानें केला, आणि त्याचा एका हाताचा बॅकहँड पुढच्या पिढ्यांना कित्ता म्हणून दाखविला जात असे.

वारें फिरलें तें १९७४ सालीं. त्या वर्षीं पॅरिस येथें ब्यॉर्न बोर्ग व ख्रिस एव्हर्ट, आणि विंबल्डन येथें जिमी कॉनर्स व पुन्हां ख्रिस एव्हर्ट, असे एकेरीचे चारही विजेते दोन हातांनीं बॅकहँड मारणारे निघाले. विंबल्डनच्या अंतिम सामन्यांत कॉनर्सच्या समोर ऑस्ट्रेलियाचा केन रोझवॉल होता. रोझवॉल मूळचा डावखुरा. वडिलांनीं त्यास उजव्या हातानें खेळावयास शिकविलें होतें. एका हातानें कापून मारलेला त्याचा बॅकहँड त्या जातीच्या फटक्यांत सर्वोत्तम गणला जाई. तरीही कॉनर्सनें त्यास ६-१, ६-१, ६-४ असें हरविलें, आणि त्याच वर्षीं अमेरिकन स्पर्धेच्या अंतिम सामन्यांत तर ६-१, ६-०, ६-१ असें. रोझवॉल त्या वेळीं एकोणचाळीस वर्षांचा होता व कॉनर्स ऐन उमेदींतला, तेव्हां या पराभवाचा सारा भार एका हातावर टाकणें न्यायाचें नाहीं. परंतु रोझवॉलच्या सर्व्हिसवर कॉनर्सचे दोन हात ज्या जोरानें तुटून पडत होते तें पाहणाऱ्या मुलांनीं असा न्यायनिवाडा केला नाहीं. त्यांनीं दुसऱ्या दिवशीं सरळ रॅकेटला दुसरा हात लावला.

ख्रिस एव्हर्टची हकीकत आईबापांनीं विशेष लक्षांत घ्यावी. तिचे वडील जिमी एव्हर्ट हे स्वतः टेनिसचे शिक्षक होते. मुलगी लहान असतां तिच्या एका हातास रॅकेट पेलेना, म्हणून तिनें दोन हात वापरले. मोठी झाल्यावर दुसरा हात सुटेल, अशी वडिलांची अपेक्षा होती. तो सुटला नाहीं, आणि त्यांनीं तो बळजबरीनें सोडविलाही नाहीं. तिनें पुढें अठरा मोठीं अजिंक्यपदें मिळविलीं. पंडितांनीं जी दुबळ्यांची सोय मानली होती ती अशी विजेत्यांची रीत होऊन बसली.

दोन हातांच्या या फटक्यांत खरें काम कोणता हात करतो, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. उजव्या हातानें खेळणाऱ्याचा दोन हातांचा बॅकहँड म्हणजे वस्तुतः डाव्या हाताचा फोरहँड होय. उजवा हात दांड्याच्या टोकाशीं राहून त्यास केवळ साहाय्य करतो. क्रिकेट पाहणाऱ्या घरांत ही गोष्ट लवकर ध्यानांत येईल. उजवा हात दांड्याच्या टोकास व डावा त्याच्या पुढें, ही नेमकी डावखुऱ्या फलंदाजाची पकड आहे. जो मुलगा लिहितो उजव्या हातानें पण फलंदाजी डावखुरी करतो, त्यास हा फटका शिकविण्यास फारसे श्रम पडूं नयेत. राफाएल नदाल हा याच गोष्टीचा उलटा दाखला आहे. तो टेनिस खेळे डाव्या हातानें आणि लिहितो उजव्या हातानें. त्यामुळें त्याच्या दोन हातांच्या बॅकहँडमध्यें जोर लावणारा हात हा निसर्गतःच बळकट असलेला हात होता.

दोन हातांत आणखीही एक सोय आहे, ती वेळेची. एका हातानें मारावयाचें तर चेंडू शरीराच्या बराच पुढें गांठावा लागतो. क्षणभर उशीर झाला कीं खांद्याचें बळ निसटतें, मनगट वांकतें, आणि चेंडू जाळ्यांत तरी जातो किंवा आकाशांत तरी. शिवाय फोरहँडची पकड बदलून दांड्यावर हात बराच फिरवून घ्यावा लागतो, आणि वेगवान सर्व्हिस समोरून येत असतां तेवढी फुरसत मिळतेच असें नाहीं. दोन हातांनीं खेळणाऱ्यास चेंडू थोडा मागें आला तरी चालतो, पकडही फारशी बदलावी लागत नाहीं, आणि फटका समोर मारावा कीं तिरपा, हा विचार तो अखेरच्या क्षणापर्यंत मनांत दडवून ठेवूं शकतो. याच्या मोबदल्यांत तो पल्ला गमावतो. दूरच्या चेंडूस एका हातानें जेथें नुसतें झुकून भागतें तेथें त्यास एक पाऊल अधिक टाकावें लागतें. जाळ्याजवळ पायांशीं पडणारा चेंडू उचलतांना तर दुसरा हात अडचणच करतो.

आतां उंचीकडे वळूं या. एका हातास सर्वांत मानवणारा चेंडू कमरेच्या आसपासचा. गवतावर चेंडू सहसा त्याहून वर येत नसे, आणि १९७४ सालापर्यंत चार मोठ्या स्पर्धांपैकीं तीन गवतावरच होत. म्हणजे एका हाताचें राज्य चाललें तें केवळ परंपरेच्या जोरावर नव्हे. जमीनच त्याच्या बाजूची होती. पुढें रॅकेटची चौकट मोठी आणि वजन हलकें झालें, नंतर पॉलिएस्टरच्या तारा आल्या, आणि चेंडूस खालून वर घासून जी पुढची फिरकी देतात, जिला टॉपस्पिन म्हणतात, ती पूर्वीं कोणी पाहिली नव्हती इतकी वाढली. असा चेंडू जमिनीवर पडतांच उसळून वर येतो. खुद्द विंबल्डननें २००१ सालीं निव्वळ रायग्रास जातीचें गवत पेरलें, तेव्हांपासून तेथेंही चेंडू अधिक वर येऊं लागला. पॅरिसच्या लाल मातीवर रॉजर फेडरर व नदाल २००५ ते २०१९ या काळांत सहा वेळां भेटले आणि सहाही वेळां नदाल जिंकला. डावखुऱ्या नदालचा तिरपा फोरहँड दर वेळीं फेडररच्या उलट्या हाताकडे, खांद्याच्याही वर उसळत असे. तेथें हात नुसता पोंचूं शकतो. त्यास जोर लावतां येत नाहीं. फेडररनें यावर उपाय काढला तो उशिरां. २०१४ पासून त्यानें मोठ्या चौकटीची रॅकेट घेतली, आणि २०१७ सालीं मेलबर्नच्या अंतिम सामन्यांत चेंडू पुरता वर येण्याआधींच गांठून, कापण्याऐवजीं सपाट मारून, पांच सेटमध्यें नदालला हरविलें. त्या वेळीं त्याचें वय पस्तीस होतें.

याचा अर्थ मातीवर एका हातानें जिंकतांच येत नाहीं असा नव्हे. बेल्जियमची जस्टीन हेनिन उंचीनें साडेपांच फूटच. पण पॅरिसचें अजिंक्यपद तिनें चार वेळां मिळविलें. स्टॅन वॉवरिंकानें २०१५ सालीं तेथेंच जोकोविचला एका हाताच्या फटक्यांनीं नामोहरम केलें. परंतु अशीं उदाहरणें बोटांवर मोजतां येतात. पुरुषांची मानांकनें १९७३ सालीं सुरू झाल्यापासून पहिल्या दहांत एका हाताचा बॅकहँड मारणारा एकही खेळाडू नाहीं, असा आठवडा प्रथमच फेब्रुवारी २०२४ मध्यें उगवला.

आकड्यांचा कौल असा स्पष्ट असतांनाही एका शिक्षकाची हकीकत विचार करावयास लावते. स्वीडनमध्यें पर्सी रोझबर्ग यांच्या हाताखालीं निरनिराळ्या वेळीं दोन मुलें तयार झालीं. दोघेही दोन हातांनीं बॅकहँड मारीत. त्यांपैकीं बोर्गचे दोन हात तसेच राहिले. स्टेफान एडबर्ग यास मात्र रोझबर्गनीं एक हात सोडावयास लावला. एकाच शिक्षकाचा हा दुटप्पीपणा नव्हे. बोर्ग मागच्या रेषेवर तासन्तास उभा राहून परतवीत राहणारा होता. एडबर्गचा जीव जाळ्यापाशीं होता, आणि जाळ्याकडे धांवत जाणाऱ्यास कापून मारलेला फटका व व्हॉली हीं एका हातानेंच साधतात. बोर्गनें पॅरिस सहा वेळां व विंबल्डन पांच वेळां जिंकलें. एडबर्गनें विंबल्डन १९८८ व १९९० सालीं जिंकलें. पॅरिसचा १९८९ चा अंतिम सामना मात्र तो मायकेल चँग या दोन हातवाल्याकडून पांच सेटमध्यें हरला.

पीट सँप्रसचेंही तसेंच. त्याचे मार्गदर्शक पीट फिशर हे व्यवसायानें बालरोगतज्ज्ञ. सँप्रस चौदा वर्षांचा असतां फिशर यांनीं त्याचा दुसरा हात काढविला. दृष्टि होती विंबल्डनवर. त्यानंतर ज्या मुलांना तो सहज हरवीत असे त्यांच्याकडून तो हरूं लागला. चौदा वर्षांच्या मुलास आणि त्याच्या घरच्यांस असे दिवस कसे जात असतील, याची कल्पना ज्यांच्या घरीं खेळाडू आहे त्यांस सहज येईल. पुढें तो विंबल्डन सात वेळां जिंकला. पॅरिसच्या अंतिम सामन्यापर्यंत मात्र तो कधींच पोंचला नाहीं. फिशर यांनीं जें विकत घेतलें तें हिशेबानें घेतलें, आणि त्याचें मोलही पुरेपूर दिलें.

मग घरच्या मुलाचें काय करावें ? प्रथम त्याच्या हातांत येणारा चेंडू पाहावा. आंतरराष्ट्रीय टेनिस संघाच्या नियमानुसार दहा वर्षांखालील मुलांच्या स्पर्धांत २०१२ पासून साध्या पिवळ्या चेंडूऐवजीं लाल, नारिंगी किंवा हिरव्या खुणेचे मंद चेंडू वापरावे लागतात. तरीही सरावाच्या वेळीं घाईनें साधा चेंडू दिला जातो; तो मुलाच्या डोक्याएवढा उसळतो, आणि मूल बिचारें दुसरा हात लावतें. याला निवड म्हणतां येत नाहीं. तो नाइलाज आहे. मंद चेंडूवर मुलास दोन्ही तऱ्हा करून पाहूं द्याव्या. बहुतेक मुलें दोन हातांवरच स्थिरावतील, आणि आजचा खेळ पाहतां त्यांचें तेंच हित आहे. जें मूल आपण होऊन जाळ्याकडे धांवतें, चेंडू पुढें गांठतें, आणि ज्याचा डावा हात फटक्याच्या ओघांत वारंवार आपोआप सुटतो, त्याच्याच बाबतींत बारा-चौदा वर्षांच्या सुमारास एका हाताचा विचार करावा. तो करतांना वर्ष-दोन वर्षें पराभवाचीं जातील हें त्यास आधीं सांगावें, आणि घरांतील मोठ्यांनीं त्या काळांत गुणफलकाकडे पाहूं नये. हें दुसरें पहिल्यापेक्षां कठीण आहे.

दोन हातांवर राहणाऱ्या मुलाकडूनही एका हाताचा कापलेला फटका पहिल्यापासून करवून घ्यावा. हा भाग शिक्षकांकडून सर्वांत अधिक टाळला जातो, कारण त्याचें फळ उशिरां दिसतें. स्टेफी ग्राफनें बावीस मोठीं अजिंक्यपदें मिळविलीं तीं बव्हंशीं हाच बॅकहँड वापरून. ऑस्ट्रेलियाची ॲश्ली बार्टी जोराचा फटका दोन हातांनीं मारी व कापलेला एका हातानें, आणि २०२१ चें विंबल्डन जिंकतांना तिचा हा कापलेला चेंडू गवतावरून वर येण्याचें नांव घेत नव्हता. याच्या जोडीस, भिंतीवर नुसत्या डाव्या हातानें रोज थोडे फोरहँड मारून घेतले तर दोन हातांचा फटकाही सुधारतो.

चाळिशींत रॅकेट हातीं धरणाऱ्या गृहस्थांची आणि भगिनींची गोष्ट निराळी. रविवारीं सकाळीं दुहेरीचा खेळ, एवढाच उद्देश असेल तर एका हाताचा कापलेला फटका त्यांस पुरतो. खांद्याएवढे उसळणारे चेंडू त्यांच्या वांट्यास क्वचितच येतात. कोंपराच्या बाहेरच्या अंगास कळ येऊं लागली तर मात्र मनगट वांकवून मारण्याची संवय प्रथम तपासावी. ती सुटत नसेल तर दुसरा हात रॅकेटला लावावा, म्हणजे भार वांटला जातो. आणि कळ राहिली नाहीं तरच सामना खेळावा.