भारी ऑइल म्हणजे चांगलं ऑइल? गिअरच्या दातांची गोष्ट

हेडफोन लावलेत ना? आजचा भाग जरा तेलकट आहे.

मी लातूरला एका डाळमिलमध्ये मेंटेनन्सला नवीनच लागलो होतो. ऐन तुरीचा सीझन, मिल दिवसरात्र चालू. एलेव्हेटरच्या गिअरबॉक्समधलं तेल बदलायचं होतं. नेहमीचं ४६० नंबरचं संपलेलं. मी दुकानातून ट्रॅक्टरच्या डिफरन्शियलला लागणारं ९० नंबर, जीएल-५ आणलं. आमचे फिटर मामा म्हणाले, "आरं, आत गनमेटलचं चाक हाय. इचारून टाक." मी म्हणालो, "मामा, हे सगळ्यात भारी ऑइल आहे. टाका बिनधास्त."

काही महिन्यांत चाकाचे दाते सुरीच्या पात्यासारखे झाले. दोन दिवस मिल बंद. रोजावरचे हमाल सावलीला बसून होते. मामा ओरडले नाहीत. ते चाक फक्त माझ्या हातात ठेवलं.

आता नेमकं काय झालं ते बघू.

दाता गुळगुळीत दिसतो, पण सूक्ष्मदर्शकाखाली तिथं डोंगरदऱ्या असतात. जोर आला की मधलं तेल बाजूला सरकतं आणि शिखरं एकमेकांवर घासतात. तिथं क्षणभर इतकी उष्णता होते की पोलाद पोलादाला चिकटतं आणि ओरबाडून निघतं. हे टाळायला तेलात सल्फर आणि फॉस्फरसची संयुगं घालतात. त्यांनाच ईपी ॲडिटिव्ह म्हणतात. तापलेल्या जागी सल्फर लोखंडाशी संयोग पावतो आणि आयर्न सल्फाइडचा थर बनतो, केसाहून कितीतरी पातळ. दात्याऐवजी तो थर झिजतो, पुन्हा बनतो. म्हणजे पोलाद स्वतःचा थोडासा भाग देऊन बाकीचं वाचवतं. म्हणून पोलादी दात्यावर तपकिरी झाक दिसली की लगेच घाबरू नका.

पण गनमेटलमध्ये तांबं असतं. सल्फर जास्त सक्रिय असला आणि तेल तापलं, की तो तांब्यालाही धरतो. काळा थर बनतो, घासून निघतो, खालचं नवं तांबं उघडं पडतं. वर्म गिअरमध्ये तर दाते सतत एकमेकांवर घसरतात, त्यामुळे उष्णता भरपूर. सगळीच ईपी तेलं तांब्याला खात नाहीत. म्हणून तर तांब्याची घासून चकचकीत केलेली पट्टी गरम तेलात ठेवून तिचा रंग किती बदलतो, अशी चाचणीच असते.

आणि दोष एकट्या सल्फरचा नव्हता. गाडीच्या तेलाचा ९० आणि कारखान्याच्या तेलाचा ४६० या दोन वेगळ्या मोजपट्ट्या आहेत. ९० म्हणजे साधारण २२० च्या आसपास. म्हणजे मी तेल चुकीचं तर घातलंच, वर पातळही घातलं!

आता नांदेडकडं उसाच्या ट्रॉल्या ओढणाऱ्या मित्रांनो, तुमच्यासाठी. ज्या ट्रॅक्टरचे ब्रेक तेलात बुडालेले असतात, तिथं गिअर, हायड्रॉलिक आणि ब्रेक यांना बहुतेक एकच तेल असतं. त्यात साधं ईपी गिअर ऑइल ओतलं तर ब्रेकची पकड बिघडू शकते. मागं भरलेल्या दोन ट्रॉल्या आणि पुढं उतार. पुढचं सांगायला नको.

मग करायचं काय? एक, कंपनीच्या पुस्तकात लिहिलेला ग्रेड बघा, डब्यावरची किंमत नाही. दोन, आत कोणता धातू आहे ते विचारा. तीन, जुनं तेल फेकण्याआधी पांढऱ्या ताटलीत ओता. दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय. चमचम दिसली तर लोहचुंबक फिरवा: चिकटलं तर पोलाद झिजतंय, सोनेरी असून चिकटत नसेल तर गनमेटल.

आणि चौथं, पुस्तकात नसलेलं: मामा "इचारून टाक" म्हणाले, तर खरंच विचारा.

ते चाक अजून माझ्या टेबलावर आहे. तुमच्याकडं अशी एखादी गोष्ट असेल तर व्हॉइस नोट पाठवा. भेटू पुढच्या भागात. राम राम!