तेरेझिनचा चित्रकलेचा तास

(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)



प्रागच्या ज्यू संग्रहालयात मुलांनी काढलेली सुमारे साडेचार हजार चित्रे जपून ठेवली आहेत. ती तेरेझिनच्या नाझी छावणीत काढलेली आहेत आणि काढणाऱ्या मुलांपैकी बहुतेकांना पुढे मारण्यात आले. एवढे कानावर पडले की चित्रे पाहण्याआधी आपण मन घट्ट करतो. काटेरी तारा असतील, बंदुका असतील, मढी असतील. तशी काही चित्रे आहेतही. पण पुष्कळशा कागदांवर दिसते ते वेगळेच. फुलदाणी, जेवणाचे टेबल, बाग, घर, फुलपाखरू. हे कसे झाले आणि ज्या बाईंमुळे झाले त्या कोण, एवढेच आज सांगायचे आहे.

फ्रीडल डिकर यांचा जन्म ३० जुलै १८९८ चा, व्हिएन्नाचा. चार वर्षांच्या असताना आई गेली. वडील लेखनसाहित्याच्या दुकानात नोकरीला, त्यामुळे घरात पैसा नसला तरी कागद आणि रंग यांची ओळख लवकर झाली. पुढे त्या योहानेस इट्टेन या चित्रकाराच्या शाळेत दाखल झाल्या आणि १९१९ मध्ये इट्टेन वायमारला बाउहाउस या कलाशाळेत शिकवायला गेले तेव्हा त्यांच्या पाठोपाठ तिथे गेल्या. इट्टेन ही वल्लीच होती. वर्ग सुरू होण्याआधी विद्यार्थ्यांकडून श्वासाचे व्यायाम करून घ्यायचे. रेघ नुसत्या बोटांनी काढायची नाही, सगळ्या अंगात ताल आला पाहिजे, हा त्यांचा आग्रह. (१९२२ च्या डिसेंबरात कलकत्त्याला बाउहाउसच्या चित्रकारांचे प्रदर्शन भरले होते, त्यात इट्टेन यांचीही चित्रे होती. म्हणजे ही मंडळी आपल्याला अगदीच परकी नाहीत.)

मधली वर्षे भरभर सांगते. व्हिएन्नात फ्रान्झ सिंगर यांच्याबरोबर फर्निचर, घरांची अंतर्रचना, कापडाचे नमुने यांचे काम. एका माँटेसरी बालशाळेची सगळी मांडणीही त्यांनीच केली. विचारांनी कम्युनिस्ट, त्यामुळे १९३४ मध्ये तुरुंगवास. सुटल्यावर प्रागला, आणि तिथे हिटलरच्या राज्यातून पळून आलेल्या कुटुंबांच्या मुलांना चित्रकला शिकवू लागल्या. १९३६ मध्ये पावेल ब्रँडाइस यांच्याशी लग्न. पॅलेस्टाइनला निघून जाण्याची संधी आली होती. पण परवाना एकट्या त्यांनाच मिळत होता, नवऱ्याला नाही. त्या गेल्या नाहीत.

१९४२ च्या डिसेंबरात छावणीचे बोलावणे आले. माणशी पन्नास किलो सामान नेण्याची मुभा. ऐन थंडीत, कुठे आणि किती दिवसांसाठी जायचे ठाऊक नसताना, पन्नास किलोत कोण काय भरेल? बाईंनी त्यात कागद आणि रंगांना जागा काढली. चादरी रंगवून घेतल्या. मुलांची नाटके बसवायची तर पडदे लागतील, जंगल लागेल, हा हिशोब त्यामागे होता.

तेरेझिन हे मुळात तटबंदीचे छोटे लष्करी गाव. जेमतेम सात हजारांच्या वस्तीचे. तिथे एका वेळी पन्नास हजारांवर माणसे कोंबली होती. मुलांना वयाप्रमाणे वेगळ्या घरांत ठेवत. रीतसर शाळेला बंदी होती, पण चित्रे काढायला, गाणी म्हणायला हरकत नव्हती. तिथल्या मोठ्या माणसांनी ही फट हेरली. मुलींच्या एका घरात, तीन मजली खाटांच्या अधल्यामधल्या जागेत, फ्रीडलबाईंचा वर्ग भरू लागला. कागद म्हणजे कचेरीतल्या वापरलेल्या फॉर्मांची मागची बाजू, नाहीतर पुडीचा कागद.

आता या वर्गात चाले काय? इथे मी थोडी रेंगाळणार आहे, कारण 'बाईंनी मुलांना माया दिली' म्हणून आपण पुढे सरकतो आणि त्यांची खरी कमाई हातातून निसटते. माया देणारे तेरेझिनमध्ये अनेक होते. बाईंजवळ पद्धत होती. त्या ताल देत आणि मुले त्या तालावर रेघा काढत. त्या भराभर वस्तूंची नावे घेत आणि मुलांनी त्या झपाट्याने कागदावर उतरवायच्या, विचार करायला उसंत नाही. कधी समोर एखादी वस्तू ठेवून ती नीट पाहायची. कधी जुन्या उस्तादांच्या चित्राची मांडणी छापील फॉर्मांचे तुकडे चिकटवून उभी करायची. बाउहाउसमध्ये तरुण कलावंतांना जे शिकवत, तेच इथे दहा-बारा वर्षांच्या भुकेल्या मुलींना, काहीही सोपे न करता. चित्रावर नाव, वय घालायला लावत. जिथे माणसाचा नंबर झाला होता तिथे हे नाव घालणे लहान गोष्ट नव्हती.

मोठ्यांनी मुलाच्या चित्रात हात घालणे त्यांना मान्य नव्हते. १९४३ मध्ये छावणीतल्या शिक्षकांपुढे त्यांनी बालचित्रकलेवर व्याख्यानही दिले. मुलांना घाईघाईने आपल्यासारखे करायला मोठी माणसे का धावतात, हा त्यातला सवाल होता. आपल्याकडे कोणत्याही मुलाला कागद द्या, दोन डोंगर, मधून उगवता सूर्य, एक नदी आणि एक झोपडी येते. ते त्याला कुणी तरी शिकवलेले असते.

याच तेरेझिनमध्ये हेल्गा वाइसोव्हा नावाची मुलगी होती. तिने बर्फाचा माणूस काढून वडिलांकडे पाठवला, तेव्हा वडिलांनी निरोप धाडला की जे दिसते ते काढ. मग तिने छावणीतले रोजचे जगणे काढले. ती जगली, तिची चित्रेही राहिली, आणि इतिहासाला ती अमोल आहेत. मग फ्रीडलबाईंनी मुलांना खऱ्यापासून दूर नेले का? मला तसे वाटत नाही. एका बापाने आपल्या लेकीला साक्षीदार हो म्हणणे वेगळे. शिक्षकाला मात्र वर्गभर मुलांवर साक्षीचे ओझे टाकण्याचा अधिकार नाही. त्या एका तासात मुलीला बाकी सगळे विसरून रेघेकडे पाहता आले, तर तो तास सार्थकी लागला. आज आपण ती चित्रे गुन्ह्याचा पुरावा म्हणून पाहतो, तो आपला हेतू आहे, बाईंचा नव्हे.

१९४४ च्या सप्टेंबरअखेर पावेलना पूर्वेकडे धाडले. बाईंनी पाठोपाठ जाण्यासाठी स्वतःहून नाव दिले. ६ ऑक्टोबरला गाडी निघाली, ९ ऑक्टोबरला ऑश्वित्झमध्ये त्यांचा अंत झाला. पावेल वाचले. मुलांची चित्रे दोन सुटकेसांत भरून मागे राहिली होती. युद्ध संपल्यावर मुलींच्या घराचे प्रमुख विली ग्रोग यांनी त्या प्रागला पोहोचवल्या. प्रागच्या वर्गात बाईंना मदत करणारी एडिथ क्रॅमर ही तरुण विद्यार्थिनी १९३८ मध्ये अमेरिकेला गेली होती. मानसिक आघात झालेल्या मुलांवर चित्रकलेतून उपचार करण्याच्या शास्त्राचा पाया घालणाऱ्यांत आज तिचे नाव घेतात.

श्रोतेहो, जूनमध्ये शाळा उघडतील. दिवाळीनंतर कधीतरी तुमच्या मुलाच्या वेळापत्रकातला चित्रकलेचा तास गणिताच्या सरावाला दिला जाईल, आणि आपण काही बोलणार नाही. या वर्षी बोला. मुख्याध्यापकांना भेटा आणि तो तास परत मागा.