घाम खेळाडूचा, गल्ला कुणाचा?



अमेरिकेत महाविद्यालयीन फुटबॉल आणि बास्केटबॉल हा मोठा धंदा आहे. प्रक्षेपणाचे हक्क, तिकिटे, जाहिराती यांतून कोट्यवधी डॉलर येतात. प्रशिक्षकांना गलेलठ्ठ पगार मिळतात. मैदानात उतरणाऱ्या पोरांच्या हाती मात्र वर्षानुवर्षे केवळ शिष्यवृत्तीच पडत आली.

का? तर तो कामगार नव्हे, 'विद्यार्थी-खेळाडू' आहे म्हणून! १९५५ साली कोलोरॅडोत एक खेळाडू सामन्यात डोक्याला मार लागून दगावला. त्याच्या विधवेने कामगार-भरपाई मागितली. १९५७ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती नाकारली. खेळाडू कामगार ठरतील या धास्तीनेच हा शब्द घडवला, असे एनसीएए या क्रीडासंघटनेचे माजी प्रमुख वॉल्टर बायर्स यांनी पुढे स्वतःच लिहिले.

नावाच्या आड काय लपवता येते, हे आमच्या टपाल बांधवांना सांगायला नको. ग्रामीण डाकसेवक खात्याचे टपाल वाटतो, पण तो 'नियमित कर्मचारी' नाही!

शिष्यवृत्ती हाच मोबदला, असे काहीजण म्हणतात. शिक्षणाचे मोल आम्ही जाणतो. पण १९७३ नंतर कित्येक वर्षे ती एकेका वर्षापुरतीच दिली जाई. पैशाने खेळ बाटतो, असाही आक्षेप आहे. मग आमच्या रेल्वेत बघा. २०२४ साली पॅरिसला कांस्यपदक जिंकणारा कोल्हापूरचा स्वप्नील कुसाळे मध्य रेल्वेचा पगारदार कर्मचारी होता. त्याचे पदक बाटले काय?

या कमाईवर इतर छोटे खेळ चालतात, हा मुद्दा खरा आहे. पण त्याची तोशीस एकट्या खेळाडूनेच का सोसावी?

आता बर्फ वितळू लागले आहे. २०२१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने एनसीएएविरुद्ध निकाल दिला. जून २०२५ मध्ये मंजूर झालेल्या तडजोडीनुसार महाविद्यालये खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात. पहिल्या वर्षी प्रत्येक संस्थेला सुमारे २.०५ कोटी डॉलरची मर्यादा आहे. मात्र ही मर्यादा खेळाडूंच्या युनियनशी वाटाघाटी करून ठरलेली नाही. मार्च २०२४ मध्ये डार्टमथच्या बास्केटबॉल संघाने १३ विरुद्ध २ मतांनी युनियन निवडली. वर्षअखेर तो अर्ज मागे घ्यावा लागला.

म्हणून आमचे म्हणणे स्पष्ट आहे. पैसे द्याच, पण कामगाराचा दर्जाही द्या. मेहेरबानीने मिळालेले मेहेरबानीनेच जाते. वाटाघाटीच्या टेबलावर हक्काने बसून मिळवलेले टिकते.